केसपेपरवर न लिहिलेले दुखणे



आज एका नाजूक विषयाला हात घालायचा आहे. घरात हा विषय निघाला की कुणी तणतणत उठून जाते, कुणी पदराने डोळे पुसते, आणि शेजारच्या भिंतीला कान फुटतात. म्हणून तो बहुधा निघतच नाही. विषय आहे दारूचा.

दारू वाईट असते, हे सांगण्यासाठी आजचे पान खर्ची घालणार नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि जो पितो त्याला तर तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. आज सांगायचे ते एवढेच, की घरातला पिणारा माणूस कोणत्याही कारणाने दवाखान्यात दाखल झाला, तर दारूवरचा उपचारही तिथेच, त्याच खेपेला मागून घ्या. आणि तो मिळायचा असेल, तर डॉक्टरांपासून दारू लपवू नका.

आपल्या जिल्ह्यातला माणूस मोठे दुखणे आले की कोल्हापूरच्या सीपीआरची, म्हणजे थोरल्या दवाखान्याची वाट धरतो. कुणी गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात जातो, कुणी इचलकरंजीला, कुणी खाजगीत. खिडकीवर केसपेपर निघतो. त्यावर काय लिहिले जाते? मोटरसायकलवरून पडून पाय मोडला. कावीळ झाली. पोटात कळा येतात. रक्ताची उलटी झाली. पोटात पाणी साठले. झटका आला. या प्रत्येक दुखण्यामागे दारू असतेच असे नाही, पण अनेकदा असते. ती मात्र केसपेपरवर येत नाही.

डॉक्टर विचारतात, "पेशंट दारू पितो का?" कारभारीण खाली बघते. भाऊ पुढे होऊन सांगतो, "तसं काय न्हाई डॉक्टर, सणावाराला, यात्रेजत्रेला घेतो थोडी." डॉक्टरांच्या मागे पेशंटांची रांग लागलेली असते. ते पुढे जातात. ज्याची रोज सकाळी उठल्याबरोबर नाइंटी लागते, त्याच्या कागदावर 'कधीतरी' एवढेच पडते.

यात घरच्यांचे काळीज कळते. वॉर्डात शेजारच्या खाटेवर भावकीतलाच कुणी असतो. पोरीचे लग्न ठरायचे असते. डॉक्टर रागावतील, "पितोस कशाला?" म्हणून हाकलून देतील, ही भीती असते. अपघात असेल तर पोलिसांची आणि विम्याची धास्ती वेगळीच. पण एक लक्षात घ्या. अपघाताच्या वेळी काय झाले हा एक प्रश्न, आणि या माणसाला रोज दारू लागते का हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर डॉक्टरांना पहिल्या दिवशीच कळले पाहिजे, कारण त्यावर जीव अवलंबून असतो. तो कसा, ते आता पाहू.

तिसऱ्या दिवशीची रात्र

दारू मेंदूला गुंगवते, मंद करते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू मग तिच्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. रस्सीखेच डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला दारू, दुसऱ्या बाजूला मेंदू. वर्षानुवर्षे दोघे ओढत असतात. माणूस दवाखान्यात दाखल झाला की दारू एकदम बंद होते. एका बाजूने दोरी सोडली, की दुसरी बाजू धाडकन मागे कोसळते. शरीराचे नेमके तेच होते.

शेवटचा घोट घेतल्यावर साधारण सहा-आठ तासांनी हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळते, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत एखाद्याला फिट येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो. माणूस घरच्यांना ओळखत नाही, भिंतीवर किडे-साप दिसतात असे सांगतो, सलाईनची नळी उपटतो, मोडलेल्या पायाने उठून पळू बघतो. ताप चढतो, नाडी धावते. यावर वेळेत उपचार झाला नाही तर माणूस दगावू शकतो.

घरचे म्हणतात, "औषध उलटलं." कुणी म्हणते, "बाहेरचं काहीतरी झालंय," आणि नारळ-लिंबू आणायला धावते. पाय बसवायला आणलेला माणूस पायाने नव्हे, तर अचानक तुटलेल्या दारूने जातो, आणि घराला शेवटपर्यंत कळत नाही की नेमके झाले काय.

मंडळी, या अवस्थेवर औषध आहे, आणि ते नवे नाही. मेंदूला शांत ठेवणाऱ्या ठरावीक गोळ्या डॉक्टर पहिल्या दिवसापासून देतात आणि काही दिवसांत त्या उतरवत आणून बंद करतात. त्यासोबत बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात. फार पिणाऱ्याच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा खडखडाट असतो. अशा माणसाला बी-१ न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली, तर मेंदूला इजा होऊ शकते. आपण मात्र गावातल्या डॉक्टरांकडेसुद्धा "एक सलाईन लावा की" असा आग्रह धरतो. दारूचे सांगितलेले असेल, तर डॉक्टर बी-१ आधी देतील. सांगितलेच नाही, तर त्यांना स्वप्न पडणार आहे काय?

भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे माहीत असावे लागते. टीबीच्या गोळ्या आणि दारू मिळून यकृताला दुहेरी मार बसतो. मधुमेहाच्या इन्सुलिनवर दारू पडली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. तेव्हा कोणत्याही उपचाराचे गणित मांडताना हा आकडा धरावाच लागतो.

वापसा आला की पेरावे

हा झाला जीव वाचवण्याचा भाग. आता दुसरा भाग, तो माणूस वाचवण्याचा.

तुम्ही शेतकरी आहात. भर चिखलात पेरत नाही, आणि जमीन सुकून ढेकळे झाल्यावरही पेरत नाही. वापसा येण्याची वाट बघता, आणि आला की दिवस घालवत नाही. पिणाऱ्या माणसाच्या मनालाही असा वापसा येतो, आणि तो बहुधा दवाखान्याच्या खाटेवर येतो. चार दिवस दारू पोटात नसते, डोके ताळ्यावर असते. मरण जवळून पाहिलेले असते. उशाला बायको, पायथ्याला आई बसलेली असते, आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतात. असा योग घरी शंभर भांडणे केली तरी जुळत नाही.

आणि आपण काय करतो? पायाला प्लास्टर झाले, कावीळ उतरली, की गाडी करून माणूस घरी आणतो. आठवड्याने दूधबिल हातात पडते आणि त्याची पावले जुन्या वाटेला लागतात. सहा महिन्यांनी पुन्हा तोच दवाखाना, पुन्हा कर्ज. वापसा फुकट गेला.

हे नुसते बोलणे नाही, त्याचा पडताळा घेतला गेला आहे. अमेरिकेत सिएटल शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात जखमी होऊन आलेल्या आणि दारूचा त्रास असलेल्या रुग्णांपैकी काहींशी खाटेवरच सुमारे अर्धा तास समजुतीचे बोलणे केले. रागावणे नाही, उपदेश नाही. बाकीच्यांना नेहमीसारखे घरी सोडले. १९९९ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्यांच्याशी बोलणे झाले होते, त्यांचे पिणे वर्षभरानंतर बरेच कमी झालेले आढळले, आणि पुन्हा जखमी होऊन दवाखान्यात येण्याचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा सुमारे निम्मे भरले.

कुणी म्हणेल, अमेरिकेची गोष्ट इथे कशाला? मग तिलारीचा घाट उतरून गोव्यात चला. तिथे 'संगाथ' ही संस्था आहे. डॉ. विक्रम पटेल, डॉ. अभिजित नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. ताप, अंगदुखी, कशासाठीही केंद्रात आलेल्या पुरुषांना दारूबद्दल दहा साधे प्रश्न विचारले. ज्यांचे पिणे घातक वळणावर होते, पण पूर्ण आहारी गेले नव्हते, असे पावणेचारशेच्या आसपास पुरुष त्यात घेतले. निम्म्यांच्या डॉक्टरांना फक्त कल्पना दिली. उरलेल्या निम्म्यांना त्याखेरीज एका सल्लागाराबरोबर जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. हे सल्लागार कुणी डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसे होती.

तीन महिन्यांनी पाहिले, तर बैठका झालेल्यांपैकी शंभरात ४२ जणांनी मागच्या दोन आठवड्यांत दारूला हात लावला नव्हता. दुसऱ्या गटात असे शंभरात १८ होते. पिणे धोक्याच्या रेषेखाली आलेले एका गटात ३६, तर दुसऱ्यात २६. हा अहवाल 'लॅन्सेट' या जगात नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आला. वर्षभरानंतरही फरक टिकून असल्याचे पुढे दिसले. शंभरातले शंभर सुटले नाहीत, हे खरेच. पण चार बैठकांच्या खर्चात एवढे पीक येत असेल, तर ते कोण सोडील?

दारूचे व्यसन हा आजार आहे, हे आता कायद्यानेही मानले आहे. पूर्वी तसे नव्हते. १९३९ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया नावाची एक जोगीण काम करी. रुग्णालये दारुड्याला दाखल करून घ्यायला नाखूश असत. तेव्हा ही बाई कागदावर 'पोटाची सूज' असे कारण लिहून त्यांना आत घेई आणि त्यांच्यावर व्यसनाचे उपचार सुरू होत. उपचार मिळावा म्हणून तिला दारू लपवावी लागली. आज उलटे आहे. आपल्या देशात मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. दारूच्या गैरवापरातून येणारे मनोविकार त्यात आजार म्हणून धरले आहेत. सरकारी दवाखान्यात त्यावर उपचार मागणे हा हक्क आहे, आणि रुग्णाची माहिती गुप्त राहावी हाही त्याचा हक्क आहे. म्हणजे आज दारू लपवली, तर उपचारच हुकतो.

उपचार म्हणजे काय करतात?

पुष्कळांना वाटते, व्यसनमुक्ती म्हणजे कोंडून ठेवणे किंवा विजेचे झटके देणे. तसे काही नाही. पहिले काम म्हणजे दारू तुटल्याचा त्रास गोळ्यांनी निभावून नेणे. त्याला आठवडाभर लागतो. दुसरे काम म्हणजे बोलणे. कधी प्यावेसे वाटते, कुणाबरोबर, बिल हातात आले की काय होते, भांडण झाले की काय होते, हे त्याच्याकडूनच काढून घेतात आणि त्यावर वाटा शोधतात. तिसरे, ओढ कमी करणाऱ्या गोळ्या. नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट अशी त्यांची नावे. यकृत-मूत्रपिंड तपासून कोणती द्यायची ते डॉक्टर ठरवतात. चौथे काम म्हणजे पुन्हा पुन्हा भेटणे.

आता माउलींनो, एक गोष्ट कान देऊन ऐका. बाजारात आणि जाहिरातींत 'त्यांच्या नकळत चहातून द्या, दारू सुटेल' अशा पुड्या-गोळ्या मिळतात. त्या देऊ नका. त्यात काय असते ते आपल्याला कळत नाही. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. ते पोटात असताना दारू प्यायली तर अंग लालबुंद होते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि प्रसंगी जीवही जातो. गोळी थांबवल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हे औषध घेणाऱ्याला सगळे समजावून, त्याच्या राजीखुशीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. चोरून दिलेली गोळी म्हणजे नवऱ्याच्या वाटेत खणून ठेवलेला खड्डा. हेतू चांगला असला, तरी खड्डा तो खड्डाच.

आणखी एक. आपल्याकडे पंढरीची माळ घालून, देवाची शपथ घेऊन दारू सोडायची रीत आहे. त्या बळावर कायमचे सुटलेले लोक गावोगाव आहेत, त्यांना दंडवत. पण जो रोज भरपूर पितो, सकाळी उठल्याबरोबर ज्याला लागते, न मिळाल्यास ज्याचे हात कापतात, त्याने घरच्या घरी एका दिवसात तोडू नये. तिसऱ्या दिवसाचा धोका त्यालाही आहेच. आधी डॉक्टरांना दाखवून तो आठवडा पार करा, आणि मग माळ घाला. माळेचे आणि गोळीचे वैर नाही.

दवाखान्यात जाताना ही चिठ्ठी न्या

चारचौघांत तोंडाने सांगायला लाज वाटते ना? मग सांगू नका, लिहून न्या. पोराच्या वहीचे एक पान फाडा आणि ही पाच उत्तरे लिहा.

एक, किती वर्षांपासून पितात.

दोन, रोज किती आणि कोणती. देशी, विदेशी की हातभट्टी. किती क्वार्टर, तेही लिहा. सकाळी लागते का, हे नक्की लिहा.

तीन, शेवटची कधी घेतली. दिवस आणि वेळ. डॉक्टरांना सगळ्यांत जास्त गरज याच उत्तराची असते.

चार, पूर्वी कधी बंद केली तेव्हा काय झाले. हात कापले, फिट आली, भास झाले?

पाच, दुसरी औषधे कोणती चालू आहेत. झोपेच्या गोळ्या, साखरेच्या, टीबीच्या, आणि कुणी दिलेल्या पुड्यासुद्धा.

ही चिठ्ठी डॉक्टरांच्या किंवा सिस्टरच्या हातात द्या आणि एवढेच म्हणा, "डॉक्टरसाहेब, ह्यांच्या पायाबरोबर दारूचाबी इलाज हितंच सुरू करा." सीपीआरला सरकारी मेडिकल कॉलेज जोडलेले आहे आणि तिथे मनोविकार विभाग आहे. वॉर्डातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की त्या विभागाचे डॉक्टर रुग्णाला पाहू शकतात. गर्दीत कुणाच्या लक्षात आले नाही, तर पुन्हा विचारा. उसाच्या तोडीसाठी चिटबॉयच्या मागे किती हेलपाटे घालता! इथे दोन घाला.

'मनोविकार' हा शब्द ऐकून कुणी बिचकेल. "आमचा माणूस काय येडा हाय व्हय?" मुळीच नाही. हाडाचे डॉक्टर हाड बघतात, हे सवय आणि ओढ बघतात. एवढाच फरक.

खुद्द पिणाऱ्याला बोलायचे असेल किंवा घरच्यांना आधी विचारून घ्यायचे असेल, तर फोनही आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी 'टेली-मानस'चा १४४१६. दोन्ही सरकारी आहेत, पैसे पडत नाहीत. ज्याला काही आठवडे घराबाहेर राहूनच उपचार घ्यावा लागेल, त्याच्यासाठी पुण्यात मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले. ते दोघेही आज हयात नाहीत, पण काम चालू आहे.

घरी आल्यावर

एका पाण्यावर ऊस येत नाही. दवाखान्यातून सुटी झाली की उपचार संपला, असे समजू नका. पुढच्या तारखा कॅलेंडरवर बाजारच्या दिवसासारख्या गोल करून ठेवा. शक्यतो घरचे एक माणूस बरोबर जा. पहिले काही महिने उसाचे बिल, दूधबिल कुणाच्या हातात राहील, हे त्याच्याशी बोलून ठरवा, हिसकावून घेऊ नका. लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या जेवणावळीत त्याला एकटे सोडू नका. आणि गावकऱ्यांनो, "आता एक घेतलीस तर काय हुतंय," असे म्हणणारा मित्र तुम्ही होऊ नका.

मधेच एखादे दिवशी तो पिऊन येईलही. तेव्हा "सगळं मातीत गेलं," म्हणून कपाळ बडवून घेऊ नका. पावसाने दडी मारली, पहिली पेर वाया गेली, तर तुम्ही शेत विकत नाही, दुबार पेरता. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. मात्र तो पिऊन मारहाण करीत असेल, तर सोसत बसणे हा उपचार नव्हे. माहेर, शेजार, पोलीस, जे जवळ असेल त्याचा आसरा घ्या.

आणि दादा, तू हे पान कुणी बघत नाही असे पाहून वाचत असशील, तर दोन शब्द तुझ्यासाठी. तुला सोडायची इच्छा नाही असे लोक म्हणतात. तू किती वेळा सोडलीस आणि तिसऱ्या दिवशी अंगाच्या थरकापाने पुन्हा धरलीस, हे त्यांना माहीत नाही. तो थरकाप तुझा नामर्दपणा नव्हता. तो आजार होता, आणि त्यावर गोळी आहे. पुढच्या खेपेला खोकल्यासाठी गेलास तरी डॉक्टरांना म्हण, "साहेब, मला दारू सुटत न्हाई." बाकीचे पुढचे काम त्यांचे.

केसपेपरवर एक ओळ वाढेल. कदाचित त्या एका ओळीने घरातली पुढची दहा वर्षे बदलतील.